फाळक्यावरची कडी

भावजी, तुमच्या शोकसभेत सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले आणि मला पहिल्या रांगेत गप्प बसावं लागलं. गप्प बसायची मला सवय नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत? शिरोलीतले निम्मे शेडवाले आले होते. एकानं माइक हातात घेऊन सांगितलं, "दत्ताआण्णांच्या हातची प्लेट कधी फुटली नाही." लोकांनी माना डोलावल्या. तुमचे दादा माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी रुमाल काढला. मी मात्र दात आवळून बसले होते. कारण तुमच्या हातची फुटलेली लोखंडी प्लेट त्या वेळी आपल्या शेडमध्ये, मागच्या भिंतीला टेकवून, ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली होती. मीच झाकली होती.

गेलेल्या माणसाशी भांडू नये असं मला जो तो सांगतोय. मग कुणाशी भांडू? तुमच्या भावाशी? ते शाळेत गणित शिकवतात आणि घरी आल्यावर कुणी आवाज चढवला की वर्तमानपत्र उघडतात. भांडायला मला या घरात एकच माणूस मिळाला, तो म्हणजे तुम्ही. आणि आपलं सगळ्यात मोठं भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात. हे मला अजिबात पटलेलं नाही.

मी आजऱ्याकडची. लग्न होऊन आले तेव्हा लोखंडातलं मला काही कळत नव्हतं, पण भाव करणं कळत होतं. बंद पडलेल्या कारखान्यांच्या लिलावात उरलेल्या प्लेटा निघतात, त्या घ्यायच्या आणि तुकडे करून विकायच्या, असं मी ठरवलं तेव्हा लिलावातले पुरुष माझ्याकडं बघून हसले होते. "पावणं, भांड्याचं दुकान तिकडं हाय," असं एकजण मोठ्यानं म्हणाला. तुम्ही तेव्हा दुसऱ्याच्या शेडमध्ये गॅस कटर धरत होता. सुट्टी टाकून माझ्याबरोबर आला होता. तुम्ही त्या माणसाला काही बोलला नाहीत. नुसते माझ्या मागं येऊन उभे राहिलात, हातोडी घेऊन. मी म्हटलं, हातोडी कशाला? तर म्हणालात, "प्लेट वाजवून बगायला, वैनी. मानसं वाजवायला न्हाई." तेव्हा मला हसू आलं आणि माझी भीती गेली. एवढं एक तुमचं देणं मी मान्य करते. पुढचं ऐका.

धंद्याची वाटणी तुम्हीच ठरवली होतीत: बोलणं माझं, कापणं तुमचं. मी माझं काम चोख शिकले. ही जी झिजेला दाद न देणारी प्लेट, जिला आपण नुसतं हार्ड प्लेट म्हणतो, ती दिसायला साध्या पत्र्यासारखीच असते. फसवणारे साधी दाखवून हार्डचा भाव लावतात. मी पर्समध्ये कानस ठेवायला लागले. प्लेटच्या कडेवर कानस ओढायची. साधी असेल तर कानस चावते, हार्ड असेल तर काचेवरून गेल्यासारखी घसरते. बायका पर्समध्ये आरसा ठेवतात, आमच्या वैनी कानस ठेवतात, असं तुम्हीच सगळ्या शिरोलीला सांगत फिरलात. ठीक आहे. पण त्या कानशीमुळं आजवर एकाही दलालाला खोटा माल माझ्या गळ्यात मारता आला नाही. हे माझं नाव होतं, भावजी. तुमचं जसं हातचं नाव होतं, तसं माझं हे होतं. आठवण ठेवा, पुढं लागणार आहे.

तुम्ही मात्र वाटणी पाळली नाहीत. कापता कापता बोलत राहिलात. माझा सौदा जमत आला की तुमचं तोंड उघडायचं. गळीत हंगामाच्या आधी साखर कारखान्याचे खरेदी साहेब आले होते, आठवतंय? ऊस जिथं वरून पडतो तिथली प्लेट झिजून तिला भोकं पडली होती. त्यांना जाड प्लेट आजच कापून आजच हवी होती. मी भाव मनासारखा लावला, साहेब हो म्हणाले, चहा मागवला. आणि तुम्ही मागून आलात, हातमोजे काढत.

"साहेब, आज कापतो, पण नेऊ नका. परवा न्या."

"का?"

"जाड हाय. आज तडा दिसणार न्हाई. गेलाच तर उद्या-परवा जातोय, आपुआप. माझ्या दारात गेलेला बरा, तुमच्या कारखान्यात नको."

साहेबांनी कपातला चहा तसाच ठेवला. तडा हा शब्द एकदा ऐकल्यावर कुणाच्या घशाखाली चहा उतरतो? ते दुसरीकडं गेले. मी तुम्हाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तुम्ही शांतपणे प्लेटीच्या कडेला शेगडी लावत होता. "भावजी, गिऱ्हाईक दारात उभं होतं!" मी म्हटलं. "उभं हुतं तर बसवायचं की, वैनी," एवढंच तुमचं उत्तर.

पुढं ते साहेब परत आले, ही गोष्ट तुम्ही दर दिवाळीला सांगायचात. मी ती सांगणार नाही. माझा सौदा त्या दिवशी मोडला होता, तो मोडलाच.

पण तुमच्याकडून मी शिकले हे खरं. या प्लेटीचा कठीणपणा कारखान्यात तापवून आणि पाण्यानं झटकन थंड करून तिच्या अंगात भरलेला असतो. आपण येड्यासारखी तापवली की तो निघून जातो, आणि थंड प्लेटीवर एकदम चटका देऊन सोडली की ती तिथं काचेसारखी होते. म्हणून जाड प्लेट आधी हळूहळू गरम करायची, मग सावकाश कापायची, आणि कापलेला तुकडा शेजारच्या फाउंड्रीतून आणलेल्या कोरड्या गरम वाळूत पुरून निवू द्यायचा. बारीक तुकडे असतील तर पाण्याच्या टाकीत बुडवून प्लाझ्मा कटरनं कापायचे, म्हणजे ताप पसरत नाही. तुम्ही तुकडे वाळूत पुरायचात तेव्हा मी चेष्टा करायचे, "झोपवलं का बाळाला?" तुम्ही बोट ओठावर ठेवायचात. हा वाळूचा कार्यक्रम बघून गिऱ्हाइकं हसायची आणि मग इतरांना सांगायची. त्यातूनच तुमचं ते नाव झालं, की दत्ताआण्णाच्या हातची फुटत नाही.

आता कडीवर येते.

टिपरचा मागचा दरवाजा, ज्याला सगळे फाळका म्हणतात, तो आपण हार्ड प्लेटीचा करून द्यायला लागलो. सुरुंगाचा दगड आत आदळतो, फाळका दाणकन उघडतो, दाणकन मिटतो. साधा पत्रा वर्षात भाकरीसारखा फुगतो. आपला फाळका टिकायला लागला. पण नव्या गाडीला नजर लागू नये म्हणून मागं जुनं पायताण लटकवायचं असतं, आणि पायताण बांधायला कडी हवी. प्रत्येक ड्रायव्हर खिशात साखळीची एक कडी घेऊन यायचा. "आण्णा, एवढी फाळक्याला वेल्डिंगनं चिकटवून द्या की. एक टाका. एवढ्याशा टाक्यानं काय हुतंय?"

आणि तुम्ही भडकायचात. मला तापट म्हणणारी माणसं तुम्हाला त्या वेळी बघायला हवी होती. "टाका मारायचाय तर माझ्या कपाळावर मार! प्लेटीवर मारू दिनार न्हाई." गिऱ्हाईक आधी घाबरायचं, मग नाराज व्हायचं. नारळ फोडायच्या वेळी चेहरा पाडून गाडी घेऊन जायचं. मला ते सोसायचं नाही. माणूस इतका भाव देतो, त्याची एक कडी आपण लावून देऊ शकत नाही? त्यावरून आपलं जे भांडण झालं, त्यानंतर तुम्ही माझ्या हातचा डबा परत पाठवलात. मीही परत भरून पाठवला नाही. तुमच्या दादांना मध्ये पडावं लागलं, आणि ते मध्ये पडले म्हणजे किती झालं असेल बघा.

शेवटी तुम्ही मला प्लेटीपाशी नेऊन समजावलंत. "वैनी, मोठं वेल्डिंग परवडलं, ते सावकाश निवतं. ह्यो बारका टाका सगळ्यात वाईट. डोळ्याची पापणी लवते तवर तापतो, आन् भवतीची थंड प्लेट त्याला गपकन निववते. तिथं काच हुती. तडा तिथं बसून ऱ्हातोय, गप. फाळका आदळत ऱ्हातोय, आन् एक दिवस त्यो चालाय लागतो." मी हरले. हरले असं मी आयुष्यात फार कमी वेळा म्हटलंय. मग मी चेसीच्या साध्या लोखंडाला बोल्टनं कडी बसवून द्यायची पद्धत काढली. लोक कुरकुरले, खाली चिखल उडतो म्हणाले. मी त्यांना गोड बोलून, दटावून, चहा पाजून वाटेला लावलं. तुमचा हट्ट मी बाजारात विकून दाखवला. हा माझा गुण तुम्ही कधी कुणाला सांगितला नाहीत.

तुम्ही गेलात. त्याबद्दल मी लिहिणार नाही, सगळ्यांना माहीत आहे. उत्तरकार्य झाल्यावर शेड उघडायचं ठरलं. दुखवट्यानंतर धंद्याचं कुलूप घरच्यांनी एकट्यानं काढायचं नाही म्हणून शेजारचे शेडवाले बरोबर आले. आपला मारुती, तुमच्या हाताखाली कटर धरायला शिकलेला, फुलं घेऊन आला. आणि दारात आप्पासोचं टिपर उभं.

आप्पासो म्हणजे मुरगूडकडचा खाणवाला, आपलं जुनं गिऱ्हाईक. मला बघून त्यानं टॉवेल डोळ्याला लावला. "वैनी, आण्णा गेला. माझा बाप गेल्यागत झालं बगा." खरंच रडला. मलाही रडू आलं. मग नाक पुसून म्हणाला, "वाईच गाडीपाशी येता काय?"

मी गेले. फाळक्याच्या मधोमध, खालच्या कडेपासून वीतभर वर, एक कडी. कडीत झिजलेलं पायताण. आणि कडीच्या बुडातून निघून वर गेलेला तडा, आरपार.

मला काय झालं असेल? आनंद झाला, खरं सांगते. क्षणभर. म्हटलं, चला, गिऱ्हाइकांशी चाललेलं भांडण आपण जिंकलो. यानं कुठल्यातरी रस्त्याकडच्या वेल्डरकडून कडी मारून घेतली, आता याला मी दाखवते. मी पदर खोचला. "कडी कुणी लावली, आप्पासो?"

"आण्णानं की."

"कुठल्या आण्णानं?"

"आपल्या आण्णानं, वैनी! दुसरा कुठला आण्णा?" मग आवाज खाली आणून, "तुमास्नी सांगू नको म्हणालता."

मी वाकून टाका बघितला. टाक्याच्या शेवटी हात किंचित डावीकडं वळवायची तुमची खोड. सही केल्यासारखी. हजार टाक्यांत मी तुमचा ओळखला असता.

तेवढ्यात ते सगळे शेडवाले गाडीभोवती जमा झाले. हातात फुलं, तोंडावर दुःख आणि डोळ्यांत उत्सुकता. मारुती पुढं यायला लागला. आप्पासो सगळ्यांसमोर म्हणाला, "आण्णाच्या हातची फुटत न्हाई म्हणत्यात, मग ही कशानं गेली, वैनी?"

भावजी, तेव्हा खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. तुमच्या सवयीप्रमाणं मीही चारचौघांत बोलून मोकळी झाले असते, तर तुमचं नाव त्या फुलांबरोबर तिथंच मातीत पडलं असतं. मी कडीच्या समोर उभी राहिले, माझ्या अंगानं झाकून, आणि म्हणाले, "प्लेटच खोटी होती. जुन्या लिलावातला माल. मी फसले."

मागं कुणीतरी हसलं आणि हसणं खोकल्यात बदललं. "तुमी? फसला?" आप्पासोनं विचारलं. मी म्हटलं, "माणूस आहे मी. फाळका नवा करून देते. मारुती, तू सगळ्यांना घेऊन कुलूप काढायला जा." जुना फाळका मी आप्पासोच्या माणसांकडून उतरवून घेतला आणि त्यावर ताडपत्री स्वतः टाकली.

तुमच्यासाठी मी माझी कानस त्या दिवशी पर्समधून काढून फेकून दिली असंच समजा. संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं; तुमची शोकसभा त्यानंतर झाली. ज्या दलालांना मी वर्षानुवर्षं दारातून परत पाठवलं, त्यांचे सांत्वनाचे फोन यायला लागले. आधी तुमच्याबद्दल हळहळ, मग घसा साफ करून, "वैनी, कुठला लॉट म्हणं?" एकजण तर सरळ म्हणाला, "व्हतंय असं. वय झालं की कान मंद हुत्यात, कानस बी." मी फोन आपटला. दुसऱ्या आठवड्यात त्याच माणसानं साध्या प्लेटीची गाडी हार्ड म्हणून माझ्या दारात उतरवायचा प्रयत्न केला. म्हणजे आता मी फसते, हे ठरून गेलं. हे तुमच्यामुळं.

दवाखान्यात तुम्ही मला काहीतरी सांगायला लागला होता. "वैनी, ते आप्पासोच्या गाडीचं..." एवढंच म्हणालात. मला वाटलं, माणूस अंथरुणावरही धंदा सोडत नाही. मी म्हटलं, राहू द्या आता, बरे व्हा आणि मग बोला. तुम्ही डोळे मिटलेत. भावजी, बाकी सगळ्या वेळी माझं न ऐकता बोललात. त्याच वेळी माझं ऐकायची काय गरज होती?

तरीही मी खोटं रेटून नेलं असतं. नाव गेलं तर कमावता येतं, मी एकदा कमावलं होतं. पण खोट्याला पाय फुटले. त्याच लिलावातली प्लेट मी इतरांनाही दिली होती, अस्सल प्लेट. एक खडी-क्रशरवाला आला आणि म्हणाला, दगड घसरतो त्या तोंडाची प्लेट काढून घ्या, मला खोट्या मालाची नको. मी समजावून थकले. दुसरा आलाच नाही, त्यानं परस्पर उपाय केला. त्याच्या टिपरच्या फाळक्यावर, तडा जाऊ नये म्हणून, त्यानं साध्या पट्ट्या मारून घेतल्या. थंड प्लेटीवर, टाक्या टाक्यानं, एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत. एक टाका वाईट म्हणून आपण भांडलो होतो, त्यानं रांग लावली. मला बघून खुशीत सांगितलं, "आता बगा कशी टिकतिया." त्या टिपरमागून राधानगरी रोडला माणसं मोटरसायकलीवर बायका-पोरं घेऊन जातात. उतारावर फाळका फुटून दगड खाली आला तर?

तेव्हा मला कळलं की मी तुमचं नाव झाकत नव्हते, तडा झाकत होते.

मी आप्पासोला फोन लावला. म्हटलं, ऐक, रागवू नकोस, प्लेट चांगली होती. तडा कडीनं गेला.

तो म्हणाला, "मला ठावं हुतं, वैनी."

"काय ठावं होतं?"

"त्याच दिवशी दिसलं की. कडीच्या बुडातनंच निघालाय. तुमी म्होरं हुभं ऱ्हायला, मग म्हटलं, वैनी आण्णाला झाकत्यात. आपुन कशापायी उघडं पाडायचं?"

मी थक्क झाले. "अरे मग नवा फाळका कशाला घेतलास? फुकट?"

"तुमी दिलात की. मेल्याल्या मानसाच्या घरचं नको कसं म्हनायचं?"

भावजी, कोल्हापूर जिल्ह्यात मला सौद्यात हरवलेला हा एकटा माणूस आहे, आणि तो तुमचं सुतक पुढं करून हरवून गेला. मला संताप आला आणि हसूही आलं. मी त्याला विचारलं, आण्णानं कडी लावलीच कशी? तो सांगायला लागला. त्याच्या म्हाताऱ्या आईनं हट्ट धरला होता. पोरगा रोज घाटातून गाडी नेतो, चिखलातलं पायताण काय राखण करणार, फाळक्यावरच हवं. ती स्वतः गाडीतून शेडवर आली, तुम्ही नाही म्हणालात, तर खाली वाळूच्या ढिगावर बसून राहिली. पाऊस लागला तरी उठेना. गॅस संपला होता, प्लेट तापवायला काही नव्हतं. आणि तुम्ही तिच्याकडं बघितलंत आणि म्हणालात...

"काय म्हणाला आण्णा?"

"म्हणाला, एवढ्याशा टाक्यानं काय हुतंय."

मी फोन ठेवला. हे वाक्य तुमच्या तोंडून! ज्या वाक्यावरून तुम्ही माझा डबा परत पाठवला होता! म्हातारी पावसात बसली म्हणून विरघळलात. मी उन्हात उभी राहून सांगायचे, तेव्हा का नाही विरघळलात? आणि विरघळलात तर विरघळलात, पण घरी येऊन मला सांगायचं, वैनी, आज चुकलो. मी एक वर्ष टोमणे मारले असते, त्याहून जास्त काय केलं असतं? गाडी बोलावून टाका तासून काढला असता, विषय संपला असता. पण तुम्हाला माझ्यापुढं हरायचं नव्हतं. एवढ्यासाठी फाळका फुटेपर्यंत गप्प बसलात. म्हातारीवर मी रागावले नाही. तुमच्यावर रागावले, आणि अजून आहे.

मग मी शेडमधल्या माणसांना गोळा केलं आणि खरं सांगितलं. कुणीही विश्वास ठेवला नाही. मी फसले म्हणाले तेव्हा सगळ्यांनी क्षणात मानलं. तुम्ही चुकलात म्हणाले तर मारुतीचा चेहरा काळा पडला. "वैनी, आण्णा असलं करणार न्हाई. तुमी मालात फसला आसला तर आसू दे, पर मेल्याल्या मानसावर ढकलू नगासा." माझ्या शेडमध्ये, माझ्या पगारावर, मला हे ऐकवलं त्यानं. तुम्हीच शिकवलेला ना, बोलणारच.

मी ताडपत्री ओढली. मारुती वाकला. टाक्यावरून अंगठा फिरवला, डावीकडं वळलेल्या शेवटापर्यंत. मग तसाच खाली बसला. "तापवलं न्हाई," एवढंच म्हणाला. मग पोरासारखं विचारलं, "का केलं आसंल, वैनी?"

"मला काय विचारतोस?" मी ओरडले. पण मग त्याच्या शेजारी बसले. दोघांनी मिळून तुम्हाला भरपूर शिव्या दिल्या. बरं वाटलं.

ज्यांनी शोकसभा घेतली, त्या शेडवाल्यांचा वर्षाला एक अंक निघतो. त्यात तुमच्यावर दोन शब्द लिहून मागितले होते. मी हे सगळं लिहून पाठवलं, आणि बरोबर तुमचा फोटो, आणि त्या तड्याचा. अंक बघणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. फार सभ्य माणूस आहे.

"वहिनी, वाचलं. पण यात आण्णांचं नाव नको घालूया. 'एका कुशल कारागिरानं' असं करू का? चूक तेवढी सांगून होईल, आणि नावाला धक्काही नाही."

मी म्हटलं, "नाव घाला."

"लोक काय म्हणतील?"

"एका कारागिराची फुटली तर लोक म्हणतील, त्याचा हात कच्चा असेल, आमचा वेल्डर चांगला आहे. आणि टाका मारून घेतील. दत्ताआण्णाची फुटली म्हटल्यावर कोण मारेल?"

ते म्हणाले, "तुम्ही भाव मोडू देत नाही, वहिनी." नाव राहिलं.

त्या पट्ट्यांवाल्याच्या गाडीला मारुतीला पाठवलं होतं. आधी तो ऐकेना. मारुतीनं तुमचं नाव घेतलं, तेव्हा त्यानं चावी काढून दिली. फाळका उतरवून ठेवलाय, नवा कापायला घेतलाय, वाळू गरम करून.

आणि काल एक ड्रायव्हर आला, नवी गाडी घेऊन, हौसेनं फुगे बांधलेले. खिशातून कडी काढली. मी तोंड उघडायच्या आत मारुती म्हणाला, "पावणं, दत्ताआण्णाचीबी फुटली." त्या माणसानं टोपी काढली, कडी खिशात टाकली आणि काही न विचारता चेसीकडं वाकून बोल्टची जागा शोधायला लागला.

मला इतकी वर्षं समजावून जे जमलं नाही ते तुमच्या नावानं एका वाक्यात केलं. आता याचाही मला राग येतोय, भावजी. पण हा राग तुमच्यापुढं येऊन सांगावा, असं फार वाटतंय.